प्लेगला प्लेग म्हणणारे डॉ. व्हिएगस

कुठल्याशा गावात झाडाखाली कावळे मरून पडू लागले, किंवा एखाद्या कुक्कुटपालन केंद्रातल्या कोंबड्या दोन दिवसांत माना टाकू लागल्या, की बातमीत एक वाक्य हमखास येते: नमुने तपासणीसाठी भोपाळला पाठवण्यात आले आहेत. हे भोपाळ म्हणजे तेथील राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्था. २००६च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कोंबड्यांना बर्ड फ्लू झाल्याचे, म्हणजेच हा रोग भारतात प्रथमच शिरल्याचे, याच प्रयोगशाळेने पक्के केले होते. तिचा निर्वाळा येईपर्यंत कोणताही अधिकारी रोगाचे नाव उच्चारत नाही; निर्वाळा आला की काही तासांत सारी यंत्रणा हलू लागते. माणसांच्या विषाणूजन्य रोगांबाबत हेच काम पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था करते. आजच्या वाचकाला या व्यवस्थेत काही नवल वाटत नाही.

१८९६च्या सप्टेंबरात मुंबई शहराजवळ असे भोपाळ नव्हते. साथीच्या रोगाचे नमुने जिथे विश्वासाने धाडावेत अशी प्रयोगशाळा शहरात उभी राहायची होती. तेव्हा रोगाचे नाव घेण्याची जबाबदारी एका खासगी डॉक्टरावर येऊन पडली आणि त्याने ती टाळली नाही. हे डॉक्टर मूळचे बार्देशातील हडफड्याचे. नाव आकासियो गाब्रिएल व्हिएगस.

हडफडे म्हटले की आज शनिवारचा रात्रबाजार आणि हॉटेलांची रांग आठवते. एकोणिसाव्या शतकातील हडफडे म्हणजे शेते, खाजणे, नारळीची कुळागरे आणि मुंबईहून येणाऱ्या पत्रांची वाट पाहणारी घरे. १ एप्रिल १८५६ रोजी व्हिएगस यांचा जन्म या गावी झाला. त्यांच्या आधी बारा वर्षे, १८४४ साली, याच गावात जुझे जेर्सन द कुन्हा जन्मले होते. तेही पुढे मुंबईत डॉक्टर झाले, आणि मुंबईच्या उगमाचा इतिहास लिहून व कोकणी भाषेचा अभ्यास करून विद्वान म्हणून गाजले. एका लहानशा गावाने मुंबईला दिलेली ही दोन माणसे. एकाने शहराचा भूतकाळ शोधला, दुसऱ्याने त्याच्या दारात उभे असलेले संकट ओळखले.

गोव्यात वैद्यकशिक्षणाची सोय नव्हती असे नाही. पणजीची वैद्यकीय शाळा १८४२ साली स्थापन झाली होती, म्हणजे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजपेक्षा तीन वर्षे आधी. परंतु ज्याला मुंबईत पाय रोवायचे त्याला इंग्रजी शिक्षण हवे. पेडण्यातील मांद्र्याचे भाऊ दाजी लाड याच वाटेने गेले होते आणि ग्रँट कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडले होते. भाऊ दाजी वारले १८७४ साली; त्याच वर्षी व्हिएगस माझगावच्या सेंट मेरीज शाळेतून प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाले. १८८० साली त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजची एल. एम. अँड एस. ही पदवी, तीही प्रथम श्रेणीत, मिळवली आणि व्यवसाय सुरू केला.

तेव्हाच्या मुंबईत गोमंतकीयांचे जग धोबीतलाव, कावेल आणि माझगाव या भागांत वसलेले होते. बोटींवर जाणारे तारवटी, स्वयंपाकी, वाजंत्री, शिंपी, कारकून, आणि या सर्वांना गावचे छप्पर देणाऱ्या कुडी. मात्र व्हिएगस आपल्या समाजापुरते डॉक्टर राहिले नाहीत. १८८८ साली मुंबईचा नवा महापालिका कायदा आला, आणि त्याच वर्षी ते महापालिकेचे सदस्य झाले. पुढे ते स्थायी समितीवर गेले. मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा त्यांनी तेथे पाठपुरावा केला. एकाच वेळी डॉक्टर आणि नगरसेवक असण्याचा हा योग पुढच्या कथेत महत्त्वाचा आहे. दवाखान्यात पाहिलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी शहराच्या कारभाऱ्यांसमोर मांडण्याची सोय मुंबईत फार थोड्या डॉक्टरांना होती.

आता मांडवीकडे वळू. गोमंतकीय वाचकाला मांडवी म्हटले की नदी दिसेल. मुंबईची मांडवी म्हणजे गोदीलगतचा व्यापारी भाग. जकात घेण्याच्या ठिकाणाला मांडवी म्हणत, त्यावरून हे नाव. धान्याची गोदामे, त्यांच्या माथ्यावर आणि पाठीशी दाटीने उभ्या चाळी, खालून वाहणारी तुंबलेली गटारे, आणि धान्यावर पोसलेले असंख्य उंदीर. १८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेगची मोठी साथ आली होती. त्याच साथीत आलेक्सांद्र येर्सिन याने प्लेगचा जंतू शोधून काढला. जपानचा कितासातोही त्याच दिवसांत त्या शोधावर होता. हाँगकाँग आणि मुंबई यांच्यात जहाजांची सतत ये-जा होती. जंतू कोणत्या बोटीतून आला याची नोंद कोणी ठेवलेली नाही, आणि उंदराच्या अंगावरून येणाऱ्या पिसवेकडे तेव्हा कोणाचे लक्षही नव्हते.

पावसाळा सरता सरता मांडवीत माणसे विचित्र तापाने आजारी पडू लागली. ताप एकाएकी चढे, डोळे लाल होत, रोगी दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खाई, बरळू लागे. जांघेत किंवा काखेत गाठ उठे, तिला हात लावू देत नसे इतकी ती दुखे. तीन-चार दिवसांत बहुतेक रोगी मरत. घरात आधी उंदीर मेलेले सापडले, असेही लोक सांगत. हिवतापाच्या आणि विषमज्वराच्या शहरात तापाने माणूस मरणे ही रोजची गोष्ट होती, गाठी तर उपदंशानेही येत. त्यामुळे प्रत्येक मृत्यूला जवळचे एखादे कारण चिकटवून देणे सोपे होते.

व्हिएगस यांनी स्वतः प्लेगचा रोगी कधी पाहिलेला नव्हता. मुंबईतल्या त्यांच्या पिढीच्या कोणत्याही डॉक्टराने पाहिलेला नव्हता. या शहरात प्लेग जुन्या बखरींतला रोग होता; हिमालयाच्या कुशीत गढवाल-कुमाऊँकडे महामारी नावाने तो अधूनमधून डोके वर काढी, आणि १८३६च्या सुमारास मारवाडातील पालीला त्याने ग्रासले होते, एवढीच जवळची उदाहरणे. तेव्हा पुस्तकातले वर्णन आणि समोरचा रोगी यांची सांगड घालण्यावाचून त्यांच्याकडे दुसरे साधन नव्हते. मांडवी-नवरोजी हिल भागातील रोगी पाहून त्यांनी ती घातली, आणि २३ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईत गाठीचा प्लेग आला असल्याचे स्थायी समितीपुढे स्पष्ट सांगितले.

एका शब्दाचा प्रश्न होता, परंतु त्या शब्दाचे मोल फार मोठे होते. मुंबई हे कापसाचे आणि कापडगिरण्यांचे शहर. बंदरात प्लेग आहे हे जाहीर झाले की परदेशी बंदरे मुंबईच्या बोटी अडवणार, माल सडणार, हुंड्या थांबणार. गिरणीतले मजूर गावाकडे पळणार. युरोपातील सत्तांना तर कॉलरामुळे हिंदुस्थानच्या जहाजांचा आधीच संशय होता. पुढच्याच वर्षी व्हेनिसला त्यांनी प्लेगसाठी आंतरराष्ट्रीय परिषद भरवली आणि हज यात्रेच्या बोटीही मुंबईहून बंद झाल्या. म्हणूनच त्या पहिल्या दिवसांत अधिकृत भाषेत प्लेग हा शब्द जपून, आडून वापरला जाई. गाठीचा ताप, संशयित ताप, सौम्य प्रकारचा रोग असे शब्द पुढे केले जात. मराठी पत्रांनी पुढे ग्रंथिक सन्निपात असे जड नाव रूढ केले, पण तोवर या रोगाने नावाचा प्रश्न शिल्लकच ठेवलेला नव्हता.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. रोगाचा शोध म्हणून २३ सप्टेंबर ही तारीख इतिहासात रूढ झाली असली तरी मांडवीतील मृत्यू त्याआधीपासून होत होते, आणि इतर डॉक्टरांच्या हातूनही असे रोगी गेलेच असणार. व्हिएगस यांचे वेगळेपण पहिला रोगी पाहण्यात नाही. आपल्याला चूक ठरवले गेले तर व्यवसाय आणि सार्वजनिक पत दोन्ही जातील, आणि बरोबर ठरवले गेले तर शहराचा रोष ओढवेल, हे ठाऊक असताना त्यांनी तो शब्द बंद खोलीत न ठेवता समितीच्या कामकाजात उच्चारला, यात ते आहे.

त्यांच्या शब्दावर शंका घेतली गेली. निदानाची शहानिशा करण्यासाठी स्वतंत्र तज्ज्ञांची चार पथके नेमली गेली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सरकारने कलकत्त्याहून व्लादिमीर हाफकिन यांना मुंबईला धाडले. ओडेसात जन्मलेला, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत शिकलेला हा ज्यू जंतुशास्त्रज्ञ १८९३पासून हिंदुस्थानात कॉलऱ्याची लस टोचत फिरत होता. ग्रँट मेडिकल कॉलेजात, म्हणजे व्हिएगस जिथे शिकले त्याच वास्तूत, त्यांना एक खोली आणि एक बोळ मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. मुंबईच्या पहिल्या प्लेग प्रयोगशाळेचा संसार एवढाच होता.

या खोलीत जे काम चाले ते आजच्या कोणत्याही रोगनिदान प्रयोगशाळेचे बीज म्हणता येईल. रोग्याच्या गाठीत सुई घालून थेंबभर द्रव काढायचा, काचपट्टीवर पसरायचा, वाळवून रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. प्लेगचा जंतू आखूड, टोकांना गडद आणि मधे फिका दिसतो. तेवढ्यावर न थांबता तोच द्रव पोषक रसात वाढवून पाहायचा. हाफकिन यांनी रसावर तुपाचे थेंब सोडले, तेव्हा जंतूंची वाढ तुपाच्या थेंबांपासून खाली, गुहेतल्या चुनखडीच्या लोंबत्या सुळक्यांसारखी, उतरलेली दिसू लागली. बाटली हलवली की ते सुळके तुटून तळाशी बसत आणि पुन्हा नवे उतरत. प्लेगचा जंतू ओळखण्याची ही एक खूण ठरली. मुंबईच्या रोग्यांत येर्सिनने वर्णिलेला तोच जंतू आहे, हे याच महिन्यात पक्के झाले. हडफड्याच्या डॉक्टरांनी डोळ्यांनी आणि बोटांनी जे ओळखले होते त्याला काचेखालचा पुरावा मिळाला. ते निदान आता एका माणसाचे मत उरले नाही.

पुरावा मिळाला म्हणून शहर वाचले असे मात्र झाले नाही. प्रयोगशाळा एका वेळी एका रोग्याबद्दल सांगू शकत होती. शहरात किती रोगी आहेत हे कळण्याचा मार्ग मृत्यूच्या नोंदवहीतून जात होता, आणि ती नोंदवही खोटे बोलत होती. घरात प्लेग निघाला तर रोग्याला उचलून नेतील, घर रिकामे करतील, कपडालत्ता जाळतील या धास्तीने लोक मृत्यू दडवत किंवा साध्या तापाच्या नावाने नोंदवून घेत. महापालिकेच्या साप्ताहिक आकड्यांत प्लेगचे मृत्यू दिसत त्याहून कितीतरी अधिक मृत्यू नेहमीच्या सरासरीच्या वर जात होते, आणि त्या फरकातच खरी साथ लपलेली होती. १८९१च्या शिरगणतीत सव्वाआठ लाखांच्या घरात असलेल्या शहरातून फेब्रुवारी १८९७ पर्यंत जवळजवळ निम्मे लोक निघून गेले. रेल्वेने, पडावांनी, पायी. आणि ज्यांनी शहर सोडले त्यांच्यासोबत रोगही रेल्वेरुळांच्या कडेने गावोगाव गेला.

६ ऑक्टोबरला महापालिका आयुक्तांनी रोग्यांना सक्तीने रुग्णालयात हलवण्याचे आणि घरे निर्जंतुक करण्याचे अधिकार हाती घेतले. जातीचा, सोवळ्याचा, बायकांच्या पडद्याचा विचार न करता माणसे उचलली जाऊ लागली. रुग्णालयात गेलेला परत येत नाही हे लोक पाहत होते. तिथे त्याला मारून टाकतात अशी अफवा उठली. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोड रुग्णालयावर चालून गेला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा आला. हाच कायदा पुढे सव्वाशे वर्षांनी कोरोनाच्या काळात आपण पुन्हा ऐकला. पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने गेल्या. तेथेच गोऱ्या सोजिरांच्या घरझडत्यांनी लोक पेटले आणि २२ जूनला चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली.

या सगळ्यात व्हिएगस यांची जागा अवघड होती. ज्या शब्दाच्या नावाने हे सारे चालले होते तो प्रथम त्यांनी उच्चारला होता. ते सरकारचे अधिकारी नव्हते, पण महापालिकेत बसत होते. रोग्यांच्या घरातही जात होते आणि ज्या सभागृहात झडत्यांचे ठराव होत त्या सभागृहातही. त्यांनी आपला जोर तीन गोष्टींवर लावला: गलिच्छ वस्त्यांची सफाई, उंदरांचा नायनाट आणि रोग्यांची स्वतः शुश्रूषा. संसर्गाची भीती सर्वांनाच होती. प्लेगच्या रोग्यांवर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही त्या वर्षी बळी पडत होत्या. ते रोग्यांजवळ जात राहिले.

उंदरांवरचा त्यांचा रोख आज विशेष दूरदृष्टीचा वाटतो. कारण तेव्हाचे शास्त्र अजून दुर्गंध आणि घाण यांच्या सिद्धान्तात अर्धे अडकलेले होते. मुंबईच्या गटारांतून समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक आम्ल यांचे लोटच्या लोट सोडले गेले, भिंतींना चुना फासला गेला. या धुण्यामुळे गटारातील उंदीर बिळे सोडून वस्तीत शिरले आणि रोग उलट पसरला असावा, असे नंतरच्या अभ्यासकांनी म्हटले आहे. सफाईची मागणी व्हिएगस यांचीही होती, तेव्हा या चुकीपासून त्यांना पूर्णपणे वेगळे काढता येणार नाही. पिसवेचे गूढ १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टराने उकलले, पण बरीच वर्षे त्याचे कोणी ऐकले नाही.

लस मात्र तीन महिन्यांत तयार झाली. त्याच तुपाच्या थेंबाखाली वाढवलेले जंतू उष्णतेने मारून हाफकिन यांनी ती बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा स्वेच्छेने तयार झालेल्या कैद्यांना ती टोचण्यात आली, आणि न टोचलेल्यांच्या तुलनेत त्यांचा बचाव स्पष्ट दिसला. त्याच वर्षी पोर्तुगीज अमलाखालील दमणात, म्हणजे आपल्याच तत्कालीन राज्याच्या एका तुकड्यात, या लशीची मोठी परीक्षा झाली. दमणच्या एका भागात सुमारे २,२०० लोकांनी लस घेतली, त्यांपैकी ३६ जण दगावले. ज्या सुमारे ६,००० लोकांनी ती घेतली नाही त्यांतील जवळजवळ दीड हजार मेले. संख्याशास्त्राच्या आजच्या कसोट्या लावल्या तर या प्रयोगात खोट काढता येईल. पण एवढा मोठा फरक केवळ योगायोगाने पडला असे म्हणणे अवघड आहे.

लस बाटलीत असणे आणि ती लोकांच्या दंडात जाणे यांत फार अंतर होते. परक्या सरकारची, परक्या साहेबाने केलेली, मेलेल्या जंतूंची सुई. टोचल्यावर एक-दोन दिवस ताप येई, दंड सुजे. ज्या सरकारचे सोजीर घरात घुसून बायकांच्या काखा तपासत होते त्याच सरकारवर या सुईसाठी विश्वास ठेवायचा होता. तिसऱ्या आगाखानांनी जाहीरपणे लस टोचून घेतली आणि त्यांच्या खोजा समाजातले हजारो लोक पुढे आले. प्रयोगशाळेसाठी आपली खुश्रू लॉज ही वास्तूही त्यांनी दिली. ज्यांना असा धर्मगुरू नव्हता त्यांच्यासाठी ओळखीचा डॉक्टर हाच आधार होता. व्हिएगस यांनी स्वतःच्या हाताने सुमारे १८,००० लोकांना लस टोचली. हा आकडा वाचून पुढे जाणे सोपे आहे. पण दिवसाला पन्नास माणसे धरली तरी वर्षभर रोज हेच काम होते, आणि प्रत्येक माणसाला आधी समजवावे लागत होते.

त्या विश्वासाला तडा जायलाही एक घटना पुरली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी लस घेतलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मेले. बाटली मुंबईच्या प्रयोगशाळेत दूषित झाली की गावात उघडताना, यावर पाच वर्षे वाद चालला. दोष गावात झाल्याचे पुढे मानले गेले आणि हाफकिन निर्दोष ठरले, परंतु तोवर त्यांना पदावरून बाजूला व्हावे लागले होते. ज्या परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा स्थिरावली होती तिला १९२५ साली त्यांचेच नाव देण्यात आले.

१९०६ साली व्हिएगस मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. या पदावर बसणारे ते पहिले एतद्देशीय ख्रिस्ती. आदल्याच वर्षी तेथे फिरोजशहा मेहता होते, यावरून त्या खुर्चीचे वजन कळावे. आणि काय योग पाहा, याच सुमारास परळच्या प्रयोगशाळेत प्लेगच्या संशोधनासाठी नेमलेला आयोग असे काम करत होता ज्याची १८९६ साली कोणी कल्पनाही केली नसती. शहरभरातून पकडलेले आणि मेलेले उंदीर, कुठल्या घरात किंवा गल्लीत सापडला याची चिठ्ठी लावून, रोज प्रयोगशाळेत येत. तेथे हजारो उंदीर फाडून तपासले गेले. त्यातून मुंबईतील रोगाचे वेळापत्रकच हाती आले. रोग आधी गटारातील मोठ्या उंदरांत, मग घरातील काळ्या उंदरांत आणि त्यानंतर साधारण दहा ते चौदा दिवसांनी माणसांत येतो. उंदीर मेला की त्याच्या थंड अंगावरच्या पिसवा दुसरे ऊबदार अंग शोधतात, हेही सिद्ध झाले.

म्हणजे आता माणूस आजारी पडण्याची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. कोणत्या गल्लीतले उंदीर रोगट निघाले हे पाहून दोन आठवडे आधी त्या गल्लीला सावध करता येणे शक्य झाले. दहा वर्षांपूर्वी घरात उंदीर मेले होते असे मांडवीकर सांगत होते, ती तक्रार आता शास्त्राची खूण बनली होती. मांडवीच्या माणसांनी सांगितलेल्या त्या गोष्टीकडे वेळीच कोणी प्रयोगशाळेतून पाहिले असते तर, हा विचार या कथेत राहून राहून येतो. हिंदुस्थानात प्लेगने पुढच्या दोन दशकांत एक कोटीच्या आसपास माणसे नेली.

हा सारा धडा शिकून झाला असे समजण्यात अर्थ नाही. १९९४च्या पावसाळ्यात बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीचा प्लेग असल्याचा संशय आला आणि सप्टेंबरात सुरत शहरात फुप्फुसाच्या प्लेगची बातमी पसरली. मांडवीच्या घटनेला दोन वर्षांनी शंभर वर्षे पूर्ण व्हायची होती. पुन्हा तेच: लोक रेल्वेगाड्यांना लोंबकळून शहर सोडू लागले, परदेशांनी विमाने थांबवली, आणि हा खरोखर प्लेग आहे की नाही यावर तज्ज्ञ आपसांत भांडत राहिले, कारण वेळेत गोळा केलेले, नीट जपलेले नमुने पुरेसे नव्हते. जिल्हा पातळीवर रोगांची पाहणी आणि प्रयोगशाळांचे जाळे उभारण्याचे प्रयत्न देशात त्यानंतरच नेटाने सुरू झाले. आज एखाद्या जिल्ह्यातून साप्ताहिक तापाचे आकडे वर जातात आणि नमुना पुण्याला किंवा भोपाळला निघतो, त्यामागे हा इतिहास आहे.

व्हिएगस १९३३ साली निवर्तले. हाफकिन यांचे नाव घेतले की संस्था, टपाल तिकीट, पाठ्यपुस्तकातला परिच्छेद आठवतो. व्हिएगस यांच्या नावाची संस्था नाही, आणि गोव्यातील शाळकरी मुलांना भाऊ दाजी किंवा द कुन्हा यांच्याइतकेही ते ठाऊक नसतात. मुंबईत मात्र ते दिसतात. काळबादेवीजवळ, गोमंतकीयांच्या जुन्या कावेल भागातील रस्त्याला डॉ. व्हिएगस स्ट्रीट असे नाव आहे. धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पूर्णाकृती पुतळा उभा आहे. जवळच्या कुडींतून गावी जायला निघालेले कितीतरी गोंयकार, हातात पिशव्या घेऊन, वर्षानुवर्षे त्याच्या पायथ्यापासून गेले आहेत.